वँक्लिनच्या बंदरात बाबांबरोबर: माल्टा आणि सिराकुसा, सात दिवस

"माल्टा? तिथे काय आहे?" हा प्रश्न सोसायटीतल्या प्रत्येकाने विचारला. खरं उत्तर लांबलचक होतं, म्हणून मी "समुद्र आहे" एवढंच सांगत होते. आईने तर सरळ हात जोडले. "तुमच्या पाणबुड्या तुम्ही बघा, मी मालवणला माहेरी जाते."

माझे बाबा माझगाव गोदीत इलेक्ट्रिकल फिटर होते. १९९२ मध्ये नौदलात गेलेली 'शाल्की' ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. तिच्या केबल ओढणाऱ्यांत ते होते. गोदीत कुणाकडून तरी त्यांच्या हातात एक फाटका इंग्रजी लेख आला होता, डेव्हिड वँक्लिन नावाच्या ब्रिटिश पाणबुडी कप्तानावरचा. जन्म कलकत्त्याचा, १९११ चा. पराक्रम सगळा दुसऱ्या महायुद्धातला, भूमध्य समुद्रातल्या, तेव्हा ब्रिटिशांकडे असलेल्या माल्टाच्या बंदरातून. वयाच्या तिसाव्या वर्षी, एप्रिल १९४२ मध्ये, आपल्या 'अपहोल्डर' बोटीसकट गेला. तो लेख लॅमिनेट करून घरच्या कपाटात तीस वर्षं आहे. बाबा पंचाहत्तरीला आले तेव्हा मी विचारलं, काय हवं? तर म्हणाले, "ता बंदर बघूचा होता."

मुद्दाम एप्रिलच निवडला. 'अपहोल्डर' ६ एप्रिल १९४२ ला शेवटची निघाली आणि १४ एप्रिलच्या सुमारास हरवली. त्याच तारखांना तिथे असावं, हा माझा हट्ट. बाबांना तारखांचं काही नव्हतं. त्यांना पाण्याची खोली हवी होती.

१० एप्रिल: ग्झीरा

मुंबईहून थेट विमान नाही, मध्ये एकदा बदलावं लागतं. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. खोली ग्झीरामध्ये घेतली, कारण समोरच मॅनोएल बेट आहे, वँक्लिनच्या पाणबुड्यांचा जुना तळ. गावाचं नाव वाचून मी थबकले. ग्झीरा म्हणजे बेट. अरबी जझीरा, तोच आपला जंजिरा! माल्टी भाषा मूळची अरबी घराण्यातली, वर इटालियन शब्दांची फोडणी, आणि लिहितात रोमन लिपीत. कॅथलिक लोक देवाला 'अल्ला' म्हणतात, हे पहिल्यांदा ऐकलं की दचकायला होतं.

संध्याकाळी बसने व्हॅलेटाला गेलो. शहराच्या दरवाज्यातून आत शिरलं की उजव्या हाताला नुसते खांब उभे दिसतात, छप्पर नाही. जुन्या ऑपेरा हाउसचे अवशेष. ७ एप्रिल १९४२ ला त्यावर बॉम्ब पडला. म्हणजे 'अपहोल्डर' बंदरातून बाहेर पडल्यावर दुसऱ्याच दिवशी. आता त्या खांबांच्या मधोमध उघडं नाट्यगृह आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे कुणीतरी व्हायोलिन जुळवत बसलं होतं.

जेवण रस्त्यावरच झालं: पास्तित्सी. करंजीसारखा पापुद्र्यांचा प्रकार, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. दोन खाल्ल्या की पोट भरतं. ईस्टर नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे बेकरीत 'फिगोल्ली' अर्ध्या किमतीला लावल्या होत्या. बदामाचं सारण भरलेली, वर रंगीत साखर थापलेली मोठाली बिस्किटं, आकार माशाचा नाहीतर सशाचा. बाबांनी मासा घेतला. "हो एकच मासो माका हय गावतलो," म्हणाले. पुढे तसं झालं नाही, पण ते रविवारी.

(शाकाहारी मंडळींसाठी: पास्तित्सीच्या पिठात काही ठिकाणी डुकराची चरबी असते. विचारून घ्या, दुकानदार खरं सांगतात. प्लगची पिन इंग्लंडसारखी चौकोनी तीन खुंट्यांची, आपला चार्जर बसत नाही. वाहनं मात्र आपल्यासारखी डावीकडून चालतात, रस्ता ओलांडताना मान आपोआप बरोबर वळते.)

११ एप्रिल: मॅनोएल बेट

छोटासा पूल ओलांडला की बेट. चालत पाच मिनिटं. पाण्याच्या कडेने लांबच लांब, पिवळसर चुनखडीच्या दगडाची, कमानींची इमारत: लाझारेत्तो. सतराव्या शतकात बांधलेलं विलगीकरण रुग्णालय. प्लेगच्या भीतीने बाहेरून आलेल्या खलाशांना इथे ठेवत. १८११ मध्ये कवी बायरनही इथे अडकून पडला होता. आणि १९४१ पासून हाच ब्रिटिशांच्या दहाव्या पाणबुडी तांड्याचा तळ. पाणबुड्या ह्या कमानींसमोर, धक्क्याला लागून उभ्या असत.

आत जाता आलं नाही. कुंपण, पाटी, पडझड. बाबांचा चेहरा बघून तिथला रखवालदार कुठून आलात विचारत जवळ आला. मी सांगितलं, वडील पाणबुड्या बांधायचे. त्याने कुंपणाच्या जाळीतून भिंतीकडे बोट दाखवलं. विलगीकरणातल्या लोकांनी शतकानुशतकं मऊ दगडात नावं, जहाजं, तारखा कोरून ठेवल्या आहेत. लांबून दोनच ओळखू आल्या. "आत अशा शेकडो आहेत," तो म्हणाला, "पण मी आत सोडलं तर माझी नोकरी जाईल." आम्ही आग्रह केला नाही.

मग बाबा धक्क्याच्या दगडावर बसले आणि खाली वाकून बघू लागले. पाणी काचेसारखं. तळाची वाळू, एक गंजलेली साखळी, काळे समुद्री साळू, सगळं स्वच्छ.

"ह्या पाण्यात पाणबुडी लपतली खंय? वरसून दिसतली मगे."

हा प्रश्न अगदी बरोबर होता. भूमध्य समुद्र इतका नितळ की वरून उडणाऱ्या विमानाला पाण्याखालची पाणबुडी दिसे. म्हणून इथल्या बोटी गडद निळ्या रंगवत. १९४२ च्या सुरुवातीला बंदरावर इतके बॉम्ब पडू लागले की दिवसा पाणबुड्या इथेच, बंदराच्या तळाशी जाऊन बसत आणि अंधार पडला की वर येत. म्हणजे दुरुस्तीचं काम रात्री, विश्रांती दिवसा पाण्याखाली. बाबांनी गोदीतल्या भाषेत निकाल दिला: "मेंटेनन्स झालाच नसणार."

'अपहोल्डर' यू वर्गातली. हा वर्ग मुळात सरावासाठी आखलेला होता. आपल्याच युद्धनौकांनी पाणबुडी शोधायचा सराव करायचा, त्यासाठी लहान, स्वस्त बोट. युद्ध आलं आणि तिला तोफ-टॉर्पेडो देऊन खऱ्या लढाईला लावलं. लांबी ५८ मीटर, रुंदी पाच मीटरच्या आत, पाण्याखाली वजन सातशे-साडेसातशे टन. बाबांच्या शाल्कीचं पाण्याखालचं वजन १,८५० टन. पाण्याखाली ह्या यू बोटींचा वेग ताशी नऊ-दहा सागरी मैल, तोही थोडाच वेळ, बॅटरी टिकेतो. ज्यांच्यावर हल्ला करायचा ती प्रवासी जहाजं त्याच्या दुप्पट वेगाने जाणारी. पाठलाग करणं शक्यच नव्हतं. वाटेत आधी जाऊन बसायचं आणि जहाज आपल्याकडे येईल याची वाट बघायची. आपल्याकडे खाडीत गळ टाकून बसतात तसं. वँक्लिनला मासेमारीचा खरोखरच नाद होता, आणि हे वाचल्यापासून बाबा त्याला आपल्यातला समजतात.

सुरुवात मात्र वाईट झाली. 'अपहोल्डर' जानेवारी १९४१ मध्ये माल्टाला पोचली, पहिल्या गस्तीत बरं यश मिळालं, आणि मग नेम चुकतच राहिला. टॉर्पेडो महाग, बेटावर त्यांचा तुटवडा. तांड्याचा प्रमुख सिम्पसन, ज्याला सगळे 'श्रिम्प' म्हणजे कोळंबी म्हणत, तो विचार करू लागला की हा माणूस आपल्याला परवडतो का. (हाच सिम्पसन लाझारेत्तोत डुकरं पाळून खलाशांच्या ताटात मांस आणत असे.) एप्रिलअखेर वँक्लिनचा नेम लागला, आणि मग चित्र पालटलं. माल्टात आल्यापासून सोळा महिन्यांच्या आत एकूण पंचवीस गस्ती, दोन इटालियन पाणबुड्या, एक विनाशिका, प्रवासी जहाजं, मालवाहू बोटी. बुडवलेला आकडा एक लाख टनांच्या वर जातो. उंच, दाढीवाला, कमी बोलणारा माणूस. १९३८ मध्ये लग्नही त्याने माल्टातच केलं होतं.

बाबा धक्क्यावर पाऊण तास बसले. मी मध्ये जाऊन दोन किन्नी घेऊन आले. किन्नी म्हणजे कडवट संत्र्याचं इथलं थंड पेय. बाबांनी एक घोट घेतला आणि बाटली माझ्याकडे दिली. "ओव्याच्या पाण्यात संत्र्याची साल घातल्यासारखा लागता."

१२ एप्रिल: मार्सशलोक, मोस्टा

रविवारचा मासळी बाजार मार्सशलोकला. निळ्या-पिवळ्या-लाल होड्या, प्रत्येकीच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले. 'लुत्सू' म्हणतात त्यांना. बाबांनी बाजाराची एक फेरी मारली, प्रत्येक माशाचे कल्ले वर करून बघितले (कुणी ओरडलं नाही) आणि एका म्हाताऱ्या मासेवालीपाशी थांबले. ती माल्टीत, हे मालवणीत. ऑक्टोपस कसा शिजवतात यावर दहा मिनिटं चर्चा झाली. कुणाला काय कळलं देव जाणे. शेवटी तिने ऑक्टोपस दगडावर आपटायची खूण केली, यांनी मान डोलावली, आणि दोघं खूश.

शेजारच्या खानावळीत तोच ऑक्टोपस लसूण-टोमॅटोत शिजवलेला खाल्ला. उत्तम होता. बाबांनी खिशातून मालवणी मसाल्याची पुडी काढली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

परत येताना मोस्टाचं चर्च. ९ एप्रिल १९४२ ला ह्या प्रचंड घुमटातून बॉम्ब आत पडला, प्रार्थनेला आलेली सुमारे तीनशे माणसं खाली होती, आणि बॉम्ब फुटला नाही. त्याची प्रतिकृती ठेवली आहे. प्रवाशांचे थवे येतात, फोटो काढतात, जातात. आम्हीही तेच केलं.

१३ एप्रिल: लास्कारिस, लिफ्ट आणि धूळ

सकाळी उठले तर आकाश पिवळं. सहारातून येणारा दमट वारा, इटालियनमध्ये सिरोको, इथे 'शलोक'. (कालच्या मार्सशलोकमधला शलोक तोच.) गाड्यांवर बारीक लाल माती बसलेली, कपडे अंगाला चिकटलेले. मे महिन्यातली मुंबई, फक्त घामात वाळू मिसळलेली.

अशा दिवशी जमिनीखाली जाणं शहाणपणाचं. लास्कारिस वॉर रूम्स तटबंदीखालच्या बोगद्यांत आहेत. इथूनच माल्टाचा बचाव चालवला गेला आणि जुलै १९४३ मध्ये आयझेनहॉवरच्या हाताखाली सिसिलीवरची स्वारी. मोठी टेबलं, नकाशे, लाकडी दांड्यांनी सरकवायचे ठोकळे. आमच्या गटाच्या वाटाड्याने पाणबुड्यांबद्दल दोनच वाक्यं सांगितली, म्हणून मी विचारलं: इटालियन ताफा कधी निघणार हे वँक्लिनला कसं कळत असे? तो हसला. इटालियन नौदलाचे सांकेतिक संदेश इंग्लंडमध्ये उलगडले जात. कप्तानांना मात्र बातमी कुठून आली हे सांगत नसत.

१८ सप्टेंबर १९४१ ची गोष्ट अशाच बातमीची. त्रिपोलीला सैन्य नेणारी तीन मोठी प्रवासी जहाजं येणार म्हणून सिम्पसनने चार पाणबुड्या वाटेवर पसरून ठेवल्या. पहाटेचा अंधार. 'अपहोल्डर'चा जायरो कंपास बंद पडलेला, लोहचुंबकाच्या साध्या होकायंत्रावर बोट चालवताना तिचं नाक सारखं डावी-उजवीकडे डोलत होतं. अंतर साडेचार किलोमीटर. एवढ्या लांबून, डुलणाऱ्या बोटीतून नेम धरायचा कसा? वँक्लिनने डुलणंच वापरलं. नाक ज्या क्षणी हव्या त्या दिशेवर येईल त्या क्षणी एक टॉर्पेडो, मग नाक दुसरीकडे झुकलं की दुसरा, असे चार. 'नेपच्युनिया' आणि 'ओशिआनिया' दोन्हींना लागले, दोन्ही साडेएकोणीस हजार टनांच्या. पहिली बुडाली. दुसरी तरंगत राहिली, तर हा खाली जाऊन टॉर्पेडो भरून परत आला. विनाशिका आडवी आली, तेव्हा जखमी जहाजाच्या खालूनच पलीकडे गेला आणि तिकडून मारलं.

हा प्रसंग मी बाबांना बोगद्यातल्या बाकावर बसून पुन्हा वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले. "मशीन बिघडला तर बिघाडच हत्यार करूचा," ते म्हणाले. "ह्यां मिस्त्रीचा काम. ऑफिसराचा न्हय."

बाहेर आल्यावर बारक्का लिफ्ट. वरच्या बागेतून थेट खाली बंदरावर. (गुडघे दुखणाऱ्यांनी हिचा भरपूर उपयोग करा. व्हॅलेटा म्हणजे सगळ्या पायऱ्याच.) उंची ५८ मीटर. 'अपहोल्डर'ची लांबी बरोबर तेवढीच. खाली उभं राहून लिफ्टच्या मनोऱ्याकडे बघितलं आणि मग पहिल्यांदा त्या बोटीचं माप डोळ्यांत बसलं: ही लिफ्ट आडवी करायची आणि तिच्यात तीस-बत्तीस माणसांनी दोन-दोन आठवडे राहायचं.

१४ एप्रिल: सिराकुसा

व्हॅलेटाहून पहाटेची कॅटामरान, पावणेदोन तासांत सिसिलीचं पोत्सालो. माल्टा आणि इटली दोन्ही शेंगेनमध्ये, एकच व्हिसा चालतो. अर्ज करताना जास्त रात्री जिथे राहणार त्या देशाकडे करायचा. पोत्सालोहून बसने सिराकुसा. वारा कालपासून वाढलेला होता. बाबा खिडकीशी शांत, मी पिशवी हातात धरून. दर्यावर्दी घराण्याची मुलगी म्हणून जे काही थोडं नाव होतं ते त्या पावणेदोन तासांत गेलं.

सिराकुसाला जायचं कारण 'कोन्ते रोस्सो'. वँक्लिनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो ह्या जहाजासाठी. व्हिक्टोरिया क्रॉस म्हटलं की मला आठवतात नाईक यशवंत घाडगे. गावी जाताना माणगावात त्यांचा पुतळा आहे, जुलै १९४४ मध्ये ते इटलीतच लढताना पडले. लहानपणी एसटीतून बाबा दर वेळी तो पुतळा दाखवायचे. तेच पदक, तोच देश, फक्त एक डोंगरात आणि एक पाण्याखाली.

२४ मे १९४१ ची संध्याकाळ. वँक्लिनची पाण्याखालची आवाज ऐकायची यंत्रणा बंद पडलेली होती, म्हणजे बोट बहिरी. उजेड असा की पेरिस्कोपातून धड दिसेना, आणि वर यावं तर शत्रूला दिसावं. समोरून सैन्य भरलेली मोठी जहाजं, भोवती विनाशिका. त्या नेमक्या कुठे आहेत हे कळायला कान नाहीत. टॉर्पेडो सोडणार इतक्यात अंधारातून एक विनाशिका सरळ अंगावर आली, थोडक्यात धडक चुकली. मग त्याने नेम धरला. पुढची वीस मिनिटं वरून ३७ डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, पडले. बहिऱ्या बोटीतून, त्यातले किती जवळ आणि किती लांब हे फक्त हादऱ्यावरून मोजत, तो निसटला.

इतपत लॅमिनेट केलेल्या लेखात होतं. जे नव्हतं ते मी निघण्यापूर्वी महिनाभर शोधत होते. 'कोन्ते रोस्सो' १७,८७९ टनांची, स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठी बांधलेली. ब्रिटिश कारागिरांनी बांधली, ब्रिटिश पाणबुडीने बुडवली. आणि १९३० च्या दशकात ती इटलीहून शांघायला जायची, वाटेत मुंबईला थांबून. हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू तिच्यातून शांघायला गेले. माझे पणजोबा त्या काळात मुंबईच्या गोदीत हमाली करायचे. तिचं सामान त्यांच्या पाठीवरून उतरलं असेल का, हे आता कोण सांगणार. त्या संध्याकाळी तिच्यावर २,७२९ माणसं होती. जवळजवळ १,३०० गेली.

ऑर्तिजाच्या बाजारात घाईघाईने तांदळाचे तळलेले गोळे, आरांचिनी, खाऊन टॅक्सी केली. कापो मुर्रो दि पोर्को, शब्दशः 'डुकराच्या थोबाडाचं भूशीर'. दीपगृह, खडक, पिवळी रानफुलं, आणि वारा इतका की बोलणं ऐकू येईना. ह्याच किनाऱ्यासमोर काही मैलांवर ती बुडाली. बघायला काहीही नाही. नुसता समुद्र, पांढऱ्या फेसाळ लाटांनी भरलेला.

दीपगृहाजवळ एक इटालियन गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते, साठीचे असतील. इतक्या वाऱ्यात साडीतली बाई आणि माकडटोपीतले म्हातारे काय करताहेत, असं त्यांना वाटलं असावं. त्यांचं इंग्रजी बरं होतं. मी 'कोन्ते रोस्सो' म्हटलं आणि ते थांबले. त्यांचे आजोबा त्या रात्री जहाजावर होते. वाचले. पुढची चाळीस वर्षं समुद्रापासून दोनशे पावलांवर राहिले आणि पुन्हा कधी पाण्यात पाय घातला नाही. नातवंडांना पोहायला शिकवलं ते आजीने.

मग त्यांनी बाबांकडे वळून विचारलं, "तुम्ही त्या इंग्रज कप्तानासाठी आलात?"

मला काय बोलावं सुचेना. बाबांनी टोपी कानावर ओढली आणि गोदीतल्या इंग्रजीत म्हणाले, "मी पाणबुडीतला फिटर. ती जहाज माझ्या शहरात यायची. माझे आजोबा बंदरावर काम करायचे." बस. तो माणूस बाबांकडे बघत राहिला, मग त्याने विचारलं, शांघायला जाणारी ना? हो, म्हटलं. त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला, लग्नातला, कोपऱ्यात काळा कोट घातलेले आजोबा, समुद्राकडे पाठ करून बसलेले. फोटोत पाठ कुणाकडे आहे हे आपण कधी बघत नाही. त्याने सांगितलं म्हणून दिसलं.

मी कित्येक महिने वँक्लिनबद्दल वाचत होते आणि प्रत्येक ठिकाणी टन मोजलेले होते. टन मोजणं सोयीचं असतं. 'कोन्ते रोस्सो'त माझी पहिली चूक तीच: जहाजाचा आकडा मला पाठ होता, माणसांचा शोधावा लागला. बाबांना मी टॅक्सीत हे सांगितलं. ते म्हणाले, कप्तानाला पण ठाऊक असणार, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पोत्सालोला परत आलो तर रात्रीची बोट रद्द. वारा. खिडकीमागच्या मुलीने उद्या या असं सांगितलं आणि खिडकी बंद केली. हॉटेल शोधायला दीड तास, शेवटी एका पिझ्झावाल्याने त्याच्या मावशीची वरची खोली दिली. (ही चूक करू नका: एप्रिलात सिसिलीची एका दिवसाची सहल आखताना मध्ये एक मोकळा दिवस ठेवाच, आणि औषधं-पासपोर्ट अंगावर असू द्या. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या म्हणून निभावलं.)

रात्री वाऱ्याने दारं वाजत होती. चौदा एप्रिलची ती रात्र. 'अपहोल्डर'चं नेमकं काय झालं याबद्दल आजही एकमत नाही. 'पेगासो' नावाच्या इटालियन टॉर्पेडो नौकेने डेप्थ चार्ज टाकले असं बरीच वर्षं मानलं गेलं, काही जण सुरुंगाकडे बोट दाखवतात. ११ एप्रिलला, ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर गुप्त कामगिरी उरकून आलेला कॅप्टन विल्सन हा सैनिकी अधिकारी भर समुद्रात 'अपहोल्डर'वरून 'अनबीटन' ह्या दुसऱ्या पाणबुडीवर गेला. ती माणसं जवळून बघणारा तो शेवटचा. ह्या गस्तीनंतर 'अपहोल्डर' इंग्लंडला परतणार होती. 'अनबीटन'सुद्धा त्याच वर्षी नोव्हेंबरात गेली, आणि तेही ब्रिटिशांच्याच विमानाच्या हल्ल्यात असावं असं मानतात.

१५ एप्रिल: पोत्सालो

वाट बघणं. मावशींनी सकाळी बदामाची ग्रानिता आणि ब्रियोश दिली, म्हणजे बर्फाचा गोड चुरा आणि पाव. नाश्त्याला बर्फ! बाबांनी दोनदा मागून घेतला. संध्याकाळची बोट सुटली, समुद्र निवळला होता. रात्री दहाला ग्झीरा.

१५ एप्रिल १९४२ ह्याच तारखेच्या पत्राने राजा सहाव्या जॉर्जने अख्ख्या माल्टा बेटाला 'जॉर्ज क्रॉस' हा शौर्याचा सन्मान दिला. आजही तो देशाच्या झेंड्यावर आहे. 'अपहोल्डर' गेल्याची जाहीर बातमी मात्र ऑगस्टमध्ये.

१६ एप्रिल: सेंट एल्मो, आणि परत

विमान रात्रीचं. सकाळी सेंट एल्मो किल्ल्यातलं युद्ध संग्रहालय बघितलं. तो जॉर्ज क्रॉस इथे काचेत आहे, अगदी लहान. 'फेथ' हे ग्लॅडिएटर जातीचं लढाऊ विमान आहे, पंखांशिवाय. ह्याच तांड्यातली 'अर्ज' पाणबुडी २७ एप्रिल १९४२ ला माल्टाबाहेर सुरुंगावर गेली, ४४ जणांसह. तिचा सांगाडा २०१९ मध्ये माल्टा विद्यापीठाच्या लोकांनी समुद्रतळाशी शोधून काढला. 'अपहोल्डर' अजून कुठेतरी पडून आहे. (संग्रहालयाला तीन तास तरी ठेवा. आम्ही दीडच ठेवले.)

येताना पिएताच्या लष्करी दफनभूमीत थांबायचं ठरलं होतं. पहिल्या महायुद्धात माल्टाच्या रुग्णालयांत वारलेल्या, लाझारेत्तोच्या दफनभूमीत दहन झालेल्या २० भारतीयांची नोंद तिथे आहे. पण वेळ उरला नाही. एक दिवस वाऱ्याने खाल्ला, त्याची किंमत इथे मोजली. पुढच्या कुणी मराठी माणसाने जावं, फुलं ठेवावीत.

त्याऐवजी बाबा म्हणाले, हेस्टिंग्ज बागेत जाऊ. व्हॅलेटाच्या पश्चिम तटावरची ही बाग, तिथून खाली मार्सामशेट बंदर आणि समोर मॅनोएल बेट. ऊन स्वच्छ, धूळ गेलेली. बाबांनी कठड्यावर कोपरं टेकली आणि लाझारेत्तोच्या कमानी बोटाने मोजल्या. मग बंदराच्या तोंडाकडे बघितलं. मला म्हणाले, इथून निघायचं, ते वळण घ्यायचं, मग डाव्या हाताला टोक ठेवून बाहेर. पाऊण तासात खोल पाणी. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? उत्तर नाही.

खालून एक जुनी मासेमारी होडी बंदरातून बाहेर निघाली होती. बाबांनी कानामागे हात धरला, जरा वेळ ऐकलं.

"एक सिलिंडर मिस मारता," म्हणाले. "पोचतली, पण सांगूक होया तेका."